तीनशे पावलांवरची तबकडी

मुलांनो, समजा, तुम्हाला दिवसाकाठी एकच गोळी मिळते. रायफलची नळी थंडगार. समोर तीनशे पावलांवर साखळीला टांगलेली, जुन्या नांगराची लोखंडी तबकडी. गोळी लागली, तर क्षणभराने टण्णकन आवाज येतो. नाही लागली, तर उद्यापर्यंत गप्प बसायचं.

वायोमिंगच्या माळावर बारा वर्षांची डोमिनिका पाच सकाळी अशीच पालथी पडली होती आणि पाचही वेळा तबकडी वाजली होती. आज सहावी सकाळ. आज वाजली, तर शनिवारी कोलेट आत्याबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं. नाहीतर पुढच्या वर्षी. घरातला नियमच होता तो: सलग सहा सकाळी तबकडी वाजली पाहिजे. डोमिनिकाचे बाबा लहानपणी या नियमापायी दोन वर्षं घरी बसले होते.

आत्या शेजारी मांडी घालून कॉफी पीत होती.

"तू बघू नकोस ना! तू बघितलंस की माझा हात हलतो."

"हरीणही बघतं, बाईसाहेब. त्यालाही तोंड फिरवायला सांगणार का?"

डोमिनिकाने हसू दाबलं. दस्ता खांद्याला लावला, रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. चापावर बोट मात्र ठेवलं नाही. जवळचं गवत डावीकडे झुकलं होतं. मधल्या घळीतलं उजवीकडे. ती थांबली. आत्याची कॉफी संपली तरी वारा काही एका बाजूला होईना.

"आत्या, नेम किती सरकवू?"

"मला नाही माहीत."

"तुला माहीत नाही?"

"असल्या वाऱ्यात नाही. लागली तर लागली म्हणायचं."

डोमिनिका गवताकडे बघत राहिली. "आणि हरणाच्या पोटात लागली तर?"

"मग दिवसभर रक्ताच्या मागोमाग चालायचं. तेवढं करून सापडेलच, असंही नाही."

शनिवार परवावर आला होता. तरी डोमिनिकाने रायफलचा बोल्ट मागे ओढला, गोळी काढली आणि शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं.

"मी जवळ जाते."

"ए, नियम तीनशे पावलांचा आहे हं."

"हरणाला कोणी सांगितलाय तो?"

आत्याने कॉफीचा रिकामा कप गवतात उपडा ठेवला.

रिकामी रायफल घेऊन डोमिनिका घळीच्या आडोशाने निघाली. अर्ध्या वाटेवर ती वाकली. मग गुडघ्यांवर आली, मग झुडपांमधून कोपरांवर सरपटू लागली. वाऱ्याच्या झोताने तबकडी गर्रकन तिच्या बाजूला वळली, हरणाने मान वळवून बघावं तशी. डोमिनिका होती तिथेच थिजली, श्वास रोखून, तबकडी पुन्हा पलीकडे वळेपर्यंत.