घाटातल्या भेंड्या

सहलीची बस घाटाला लागली, रेंज गेली आणि मुलांचे टॅब एकेक करून गप्प झाले. मुलं कंटाळली, तेव्हा तांडेलबाईंना भेंड्या सुचल्या.

"पण शाळेत शिकलेलीच कविता हवी हं," त्या म्हणाल्या.

गार्गीने मांजराची कविता सुरू केली. तिच्या गटातलं कुणीच साथ देईना.

"अरे, तिला एकटीला काय म्हणायला लावता?"

"आम्हाला कुठे येते ती, बाई?" मन्सूर म्हणाला. "तिला मांजरं आवडतात म्हणून तिच्या टॅबने तिच्यासाठी केलीय. माझ्या सगळ्या क्रिकेटच्या आहेत."

बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. छापील पुस्तकं गेली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. पण वर्गात प्रत्येकाच्या कानात इअरफोन असायचे, त्यामुळे ते कधी असं ऐकू आलं नव्हतं.

भेंड्या तिथेच संपल्या. मग बाईंनीच स्वतःच्या पाचवीतली कविता चालीवर म्हटली. ध्रुवपद आलं की त्या सवयीने थांबत, मागून आवाज येईल म्हणून. बसच्या इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"छान आहे," गार्गी म्हणाली. "ही फक्त तुमची का?"

"नाही गं. आमच्या अख्ख्या वर्गाची. सगळ्या शाळांमधल्या सगळ्या पाचवीची."

गार्गीला फार वाईट वाटलं. तिने बाईंचा हात हातात घेतला.

"म्हणजे खास तुमच्यासाठी कुणी एकसुद्धा केली नाही?"