जोडलेल्या तोरड्या

तपासणीला आलेल्या नर्सबाईनं गरोदर दिव्यानीचा बीपी पुन्हा पाहून विचारलं, "तुह्या मायले बाळंतपणात झटके आले होते का? कधीकधी हे मायकडून लेकीत उतरते." "नाई बाई, मायले तर धानाच्या बांधीत साप चावला," दिव्यानी बोलली. लहानपणापासून तिनं हेच ऐकलं होतं. झटके येऊन गेलेल्या बाईची पोरगी कोणी सून करत नाही, म्हणून बाप मुखरूनं सोयऱ्यांत साप सांगितला होता. आता समोर लेकीची सासूच बसली होती. मुखरूची नजर लेकीच्या सुजलेल्या पायांवर गेली. पायात मायच्याच तोरड्या होत्या. तिच्याही सुजल्या पायांतून कापलेल्या, सोनारानं जोडलेल्या. त्यानं नर्सबाईला 'नाही' असंच लिहू दिलं. पंधरवड्यात बाळंतपणातच दिव्यानी गेली. दवाखान्यातून तोरड्या आल्या, जुन्या जोडाजवळच कापलेल्या. तान्हुलीला छातीशी धरून जावयानं विचारलं, "मामाजी, सोयऱ्यायले काय सांगू?" मुखरूनं नातीकडे पाहिलं. "झटके आले म्हणा. हिच्या आजीलेही."