नदी ओलांडायची नाही

"सात मिनिटं," मास्तर म्हणाले. "पहिली सात मिनिटं कुणाचाही शिपाई नदी ओलांडणार नाही. लिहा."

"सात?" टोळधाड खुर्चीतून अर्धी उठली. "त्यापेक्षा मला सरळ घरी पाठवा ना, मास्तर!"

रंगमंचामागची ती सामानाची खोली. खिडकी नाही. दार फुगलेलं, एकदा लागलं की उघडायला खांदा लावावा लागे. टेबलाभोवती चौघं: आयोजक, मास्तर, टोळधाड आणि तिचा मामा. अंतिम सामना दुपारी चारला होता, आणि बारा वाजून गेले होते.

टोळधाड हे नाव तिला प्रेक्षकांनी दिलेलं. खेळ संगणकावरचा. दोन वस्त्या, मध्ये नदी. बाकीचे आधी शेतं करत, खाणी खणत, सैन्य जमवत आणि मग लढाईला निघत. ही पोरगी दुसऱ्याच मिनिटाला हाताशी असतील ते पाच शिपाई घेऊन समोरच्याच्या घरात घुसायची. चौथ्या मिनिटाला खेळ खलास. अख्खा मोसम तिने असाच काढला.

मास्तर ज्याला शिकवत त्या राजेलाही तिने दोनदा असंच झोपवलं होतं. राजे म्हणजे मोठ्या संघाचा हुकमी एक्का. सकाळी संघाच्या मालकाने मास्तरांना फोन केला. "आज हरलात तर उद्या सामान बांधा." सामान म्हणजे खरोखरचंच सामान. मास्तर राहत ते घर संघाचं. घरात बायको, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, अंथरुणाला खिळलेले वडील. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला या धंद्यात कुत्रं विचारत नाही.

"दार उघडं टाकून झोपायचं," मामा म्हणाला, "आणि कुणी आत आलं की त्याच्या नावाने बोंबलायचं. वा रे न्याय!"

"आत येणाऱ्याला दरोडेखोर म्हणतात," मास्तर म्हणाले.

"भांडू नका हो," आयोजकांनी कपाळ पुसलं. "लोक तिकीट काढून येतात. माणूस लघवीला जाऊन येईतो सामना संपलेला असतो. जाहिराती कधी दाखवायच्या मी?"

"मग माणसाने आधी जाऊन यावं," मामा म्हणाला.

आयोजकांना हसू आलं, पण मास्तरांकडे बघून त्यांनी ते गिळलं. मोठा संघ उठून गेला तर स्पर्धाच उठणार होती. ते आयोजकांना ठाऊक होतं, मास्तरांना ठाऊक होतं, आणि मामालाही ठाऊक असावं. नियमाच्या गोष्टी अशाच खोल्यांत ठरतात. ज्याचं दुखतं तोच मजकूर सांगतो, आणि त्याला खेळाचं हित म्हणायचं.

"राजेंकडे सरावाला चार-चार भिडू आहेत," टोळधाड म्हणाली. "मी मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर एकटी बसते. गरिबाकडे घाई सोडून असतं काय, मास्तर?"

"मग शीक की सावकाश खेळायला."

ते तिला येणार नाही, याची मास्तरांना खात्री होती. तिचे एकतीस सामने त्यांनी थांबवून थांबवून पाहिले होते. एकही पाचव्या मिनिटापुढे गेला नव्हता. त्यापुढचा खेळ या पोरीजवळ नव्हताच.

"तीन करा," ती म्हणाली. "निदान तीन."

"सात."

"बरं, पाच. पाचांवर मिटवा."

"सात म्हणजे सात."

तिने मामाकडे पाहिलं. मामाने छताकडे. ती नखाने टेबलाचा सुटलेला पत्रा खरवडत राहिली.

"आणि कुणी मोडलं तर?" तिने हळूच विचारलं.

"ताकीद देऊ," आयोजक म्हणाले.

हिच्या डोक्यात काय शिजतंय ते मास्तरांनी ओळखलं. ताकीद खायची, पण घुसायचंच. "ताकीद कसली? एक पाऊल पलीकडे पडलं की सामना गेला. लिहा तसं."

"दोघांनाही सारखंच ना?"

"अगं बाई, दोघांनाही."

आयोजकांनी लिहिलं. मास्तरांनी दोनदा वाचलं आणि सही केली. तिची सही जरा वाकडी आली. "चल बाळ," म्हणत मामाने दाराला खांदा लावला.

मास्तर नळावर जाऊन तोंड धूत राहिले. आपल्या मुलीच्या वयाची पोरगी. पण मुलगी आपली घरी होती, आणि घर संघाचं होतं.

चार वाजता काचेच्या खोपटात राजेच्या मागे मास्तर बसले. कानाला माइक. समोरच्या काचेआड टोळधाड. घंटा झाली. महिनाभर घोटून घेतल्याप्रमाणे राजेने पहिल्या झटक्यात शिपाई उभे केले, भिंत घातली. सवयच ती.

दोन मिनिटं झाली. टेहळणीच्या पाखराला नदीची मनाई नव्हती. राजेने ते पलीकडे सोडलं आणि पडद्यावर तिची वस्ती उघडली.

भिंत नव्हती. पहारा नव्हता. सहा शेतं, तीन खाणी, सातवं शेत पेरणीला, आणि सगळीकडे मुंग्यांसारखे कामकरी. इतकं पसरायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. पाच शिपायांनी अर्ध्या मिनिटात राख केली असती.

मास्तरांनी काचेपलीकडे तिचे हात पाहिले. न अडखळता, न चुकता चालले होते. हजारदा केलेलं काम करणारे हात.

नदी खुली व्हायला अजून पाच मिनिटं होती.

"मास्तर," आनंदाच्या भरात नियम विसरलेल्या राजेचा आवाज कानात आला, "हिच्याकडे एकही शिपाई नाही! माझे पाच नदीवर उभे आहेत. घुसू का?"