वास कुणाचा

व्यवस्थापकानं कुराता-सानच्या दाराला किल्ली लावली, तेव्हा मजल्यावरची सगळी माणसं नाकाला रुमाल लावून लिफ्टपाशी उभी होती. वॉर्ड ऑफिसचा माणूस पिंजरा घेऊन आला होता. म्हाताऱ्याला शोधायला कुणीच आलं नव्हतं. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत ते योकोहामाला मुलाकडे गेले असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आले होते ते त्यांच्या पाळलेल्या स्कंकला न्यायला.

शेजारच्या दारात जयमाला उभी होती. तिच्या नाकाला रुमाल नव्हता.

हिगाशी-कसाईच्या त्या इमारतीत वासाची पहिली तक्रार झाली होती ती तिच्याच नावानं, गेल्या वर्षी, सुकट भाजली म्हणून. व्यवस्थापकानं कमरेत वाकून, अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर घराचा करार वाढवून मिळणार नाही. त्यामुळे या ऑगस्टात लिफ्टमध्ये दुर्गंधीबद्दलची सूचना लागली, तेव्हा चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं झालं. तिनं हिंगाची डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये कोंबली. फोडणी बंद केली. मग समोरच्या ओहाशी-सान म्हणाल्या की हा वास त्या स्कंकचाच. जयमालाला इतकं हायसं वाटलं, की तिनं लगेच दुजोरा दिला.

"हो, त्याचाच. मला माहितीये, तो घाण मारतो."

तिला माहीत होतं ते नेमकं उलटं. कुराता-सान शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते आपल्या मोडक्या इंग्रजीत आणि ती आपल्या मोडक्या जपानीत, असं त्यांचं बोलणं चालायचं. स्कंक हा अमेरिकेतला प्राणी. तिथे शेताच्या कडेला बिळात राहतो आणि अंधार पडला की किडे, अळ्या उकरून खातो. आधी त्याला इताचीच्या कुळात धरत, इताची म्हणजे इथला मुंगसासारखा दिसणारा प्राणी. आता जनुकांच्या तपासणीत निघालं की याचं कूळ वेगळंच आहे. "म्हणजे यानं वेगळी चूल मांडली," असं ती म्हणाली होती, आणि चुलीचा अर्थ समजावून सांगताना दोघंही पुष्कळ हसले होते.

शेपटीखालून उडवायचा घाण वासाचा फवारा हे त्याचं शेवटचं हत्यार, ते सांगायचे. आधी तो पुढचे पाय आपटतो, शेपूट उभारतो, बाबा रे जा, म्हणून बजावतो. तेही फक्त परक्याला. जयमालापुढे पहिल्या भेटीनंतर त्यानं कधी पाय आपटले नाहीत. तिच्या हातचं उकडलेलं अंडं तो खायचा. आणि फवाऱ्याचं म्हणाल, तर विकण्याआधीच दुकानदारानं त्याच्या वासाच्या ग्रंथी कापून काढल्या होत्या. या स्कंकला घाण मारताच येत नव्हती.

तिनं हे नवऱ्याला, प्रल्हादला सांगितलं. तो वाय-टू-केच्या, म्हणजे दोन हजार साल उजाडताना संगणक बंद पडू नयेत यासाठीच्या कामात बुडालेला होता. कागदांतून मान वर न करता तो म्हणाला, "आपल्यावर ब्लेम नाही ना आलं? मग तू मध्ये पडू नकोस." ती मूग गिळून बसली. कुराता-सानची बेल वाजवून बघावी असं रोज वाटायचं. पण त्या दारात आपल्याला कुणी पाहिलं तर, म्हणून तेही राहिलं. वासामुळे सगळ्या मजल्यानं खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. तिनंही.

दार उघडलं. स्कंक उंबऱ्याशी आला. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. माणसं पाहून त्यानं पुढचे पाय आपटले, शेपूट उभारली. लिफ्टपाशी एकच पळापळ झाली. वॉर्ड ऑफिसचा माणूस पिंजरा तिथेच टाकून जिन्यात गेला. जयमाला स्कंकला ओलांडून आत शिरली.

कुराता-सान न्हाणीच्या दारात पडलेले होते. एक पाय मांडीपासून वाकडा झाला होता. हाताशी न्हाणीतली लाकडी बादली होती, कोरडी ठाक.

पोलिसांबरोबर डॉक्टर आला. पडले ते बऱ्याच दिवसांपूर्वी, तो म्हणाला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीला येतो तसाच हा वास. मग हातमोजे काढत त्यानं सांगितलं, "पण गेले ते काल."

"बिचारे," ओहाशी-सान रुमालाआडून म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, स्कंक. कळणार तरी कुणाला होतं?"

व्यवस्थापकानं मान हलवली. मग दोघांनी जयमालाकडे पाहिलं, तिनंही हलवावी म्हणून.

"मला," जयमाला म्हणाली.

ते तिनं मराठीत म्हटलं. कुणाला समजलं नाही. जपानीतला शब्द तिला येत होता, पण तो तिच्या तोंडातून निघाला नाही.

स्कंकला पकडून पिंजरा तिच्या दारापाशी ठेवला होता. ती घरात जाऊन अंडं घेऊन आली, खाली बसली, आणि सोललेला तुकडा तिनं जाळीतून आत धरला. इतक्या दिवसांचा उपाशी प्राणी तो. तुकड्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो मागे सरला, तिच्याकडे तोंड करून त्यानं पुढचे दोन्ही पाय आपटले, आणि शेपूट उभारली.