नगरहून आलेलं गाठोडं

“घ्या, लाजू नका,” म्हणत प्रमिलानं आमच्या ओसरीवर जुन्या स्वेटरांचं गाठोडं सोडलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मिशनच्या कामासाठी अरुणाचलात आलो. नगरच्या चर्चमधली ही मैत्रीण आणि तिचा नवरा एवढ्या लांब आम्हाला भेटायला आले होते.

पाहुणे आले म्हणून शेजारची यापी आणि तिच्या जावा स्वतः विणलेली सणाची लाल वस्त्रं नेसून आल्या होत्या. त्या गाठोड्याकडे बघतच राहिल्या.

प्रमिला माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतच म्हणाली, “तूच ना प्रार्थनेच्या वेळी फोनवर रडून सांगायचीस? इथं लोकांना अंगभर कपडा नाही म्हणून!”

तसं सांगितलं की नगरहून मदत यायची. आमचे हे कपबशा उचलून आत निघून गेले.

यापीनं एक उसवलेला स्वेटर घेतला, त्याची नीट घडी घातली आणि “थँक्यू, दीदी,” म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मी अंगावरची शाल सावरली. ती यापीनंच विणून दिली होती, आम्ही आलो त्या हिवाळ्यात. तेव्हा आमच्याकडेच पांघरायला धड काही नव्हतं.