जास्तीचा डाख

“या मोटारसायकलला नवा कार्बुरेटर टाका, नाहीतर भंगारात द्या,” म्हणून मेकॅनिक निघून गेला. खाली पेट्रोल ठिबकतच होतं. उद्या याच गाडीवरून कुमुदला सात वाड्यांचं टपाल वाटायचं होतं.

तिनं कार्बुरेटर उघडून आतली, पेट्रोलवर तरंगून त्याची वाट बंद करणारी पितळी डबी काढली. गरम पाण्यात बुडवल्यावर डबीतून बुडबुडे आले आणि सुईएवढं भोक सापडलं.

“आण इकडे. मी नथी जोडल्यात,” सोनारकामात हयात घालवलेले सासरे म्हणाले. त्यांनी डबी रिकामी केली, सुकवली आणि भोकावर सांधायच्या स्वस्त धातूचा डाख लावला. तरी पेट्रोल वाहिलंच, कारण डाखाच्या वजनानं डबी आता बुडत होती.

सासरे भडकले. “इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला जास्तीचा डाख कळला नाही, अन् या डबीला लगेच कळला!” कानस घेऊन ते डबी पुन्हा तरंगेपर्यंत गुंजागुंजानं डाख उतरवत राहिले.

त्यांच्या तिसऱ्या किकला गाडी धडधडली. एक थेंब गळला नाही. कुमुदनं मात्र लग्नात त्यांनीच घडवलेल्या पाटल्या पुढे केल्या. “मामंजी, यांच्यात किती डाख आहे?”

मामंजींनी ॲक्सिलरेटर पिळला.