बरं

सकाळी साडेनऊ वाजता मालनताईंना बाळाचा तळवा दिसला. पिवळा होता.

त्यांची लेक अक्षता त्यांच्या पलंगावरच बाळाचा लंगोट बदलत होती. दुपटं सुटलं आणि एक पाय बाहेर आला. नुसतं कपाळ पिवळं असतं तर मालनताई एखादा दिवस थांबल्या असत्या. तळव्यापर्यंत उतरलेली कावीळ थांबू देत नाही. महापालिकेच्या इस्पितळात, नवजात बाळांच्या कक्षात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती. तळवा पिवळा दिसला की तशीच उठून ये, हे त्यांनी घरी निघालेल्या प्रत्येक बाळंतिणीला बजावलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

गणपतीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि हा एवढा शब्द मागे राहिला. पाणी हवं असलं तरी बरं, पाठ ठणकली तरी बरं. हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघा उमटत.

"ऐकलंस? आजी बरं म्हणते," अक्षताने बाळाला सांगितलं. बाळाने डोळे उघडले नाहीत.

मालनताईंनी डावा हात सरकवला. अंगठ्याने तळवा दाबला, सोडला. दाबल्या जागी रक्त हटून कातडी उघडी पडली. तीही हळदीसारखी.

"काय सिस्टर, ड्यूटीवर चढलात?" लता चहा घेऊन आली. मालनताईंचं सगळं करायला ती दिवसभर असे. नितेश, अक्षताचा भाऊ, गोरेगावला कामावर गेला की घरात या तिघी आणि बाळ.

"लताताई, हे पितच नाहीये गं," अक्षता म्हणाली. "काल संध्याकाळपासून. तोंडाशी लावलं की झोपतं. छाती नुसती दगड झालीय माझी."

"भूक लागली की बोंबलेल. आमच्या धाकूने पण असाच डोळा उघडला नव्हता. आता चाळीत कोणाला झोपू देत नाही."

"आणि पिवळट नाही वाटत?"

लताने वाकून पाहिलं. "दुपटं पिवळं, त्यावर तुमच्या त्या ट्यूबचा उजेड. त्यात कोण गोरा दिसणार, गो बाय?"

मालनताईंनी हात खिडकीकडे केला. उजेडात न्या त्याला. पुन्हा केला.

"ऊन येतंय डोळ्यांवर? थांबा." लताने पडदा ओढून घेतला.

अक्षता पलंगावर बसली. रात्री झोप मिळूनही तिचे डोळे सुजलेले होते. "आई, तू जन्मभर हेच केलंस. तू सांग ना. बाळ बरं आहे ना?"

मालनताईंनी ओठ मिटून घेतले. तो शब्द आत येऊन उभाच होता. त्यांनी दात आवळले आणि जोरजोरात मान हलवली. डोक्यात सगळं नीट लागलेलं होतं. कावीळ. रक्त तपासा. आजच. रिक्षा बोलव.

"नाही म्हणतेय ती," अक्षता दचकली.

"मान नको बघू त्यांची. चहा हवा का विचारलं तरी मान नाहीच म्हणते, आणि मग अख्खा कप संपवतात. डॉक्टर बोलले ना, हो-नाहीची गल्लत होणार म्हणून? तोंडाने काय बोलतात ते ऐक."

दोघी थांबल्या. मालनताईंनी श्वास भरून घेतला. फक्त 'का' निघाला तरी पुरे होतं. पुढचं अक्षताने ओळखलं असतं. त्यांनी जीभ मागे ओढली, तोंड उघडलं.

"बरं."

त्यांचे डोळे भरून आले. "बरं. बरं! बरं!"

"बघ," लता म्हणाली. "चिडल्या पण. किती वेळा विचारशील?"

अक्षताचे खांदे सैल झाले. ती चक्क हसली. "तू म्हणतेस म्हणजे झालं. मंगळवारी डॉक्टरांना दाखवायचंच आहे." तिने बाळाला पाळण्यात ठेवलं. लताने तिला खीर खायला आत नेलं.

मालनताई ओरडल्या. आतून उत्तर आलं, "हो गं आई, आलेच!" कोणी आलं नाही. उशाच्या स्टुलावर पाण्याने भरलेला तांब्या होता. त्यांनी पलंगाच्या कडेपर्यंत अंग ढकललं, बोटं पोचवली आणि सगळी ताकद लावून तांब्या उडवला.

फरशीवर तो आदळला, उसळला, भिंतीपर्यंत घरंगळत गेला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय पडलं गं?" दोघी धावत आल्या.

"हाक मारायची ना, सिस्टर!" लता फडकं घेऊन खाली बसली.

मालनताई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या पाळण्याकडे बघत होत्या. या आवाजाला बाळाने दोन्ही हात फेकून दचकायला हवं होतं. टाहो फोडायला हवा होता. कावीळ मेंदूत चढायला लागली की बाळ असं सुस्त पडतं.

अक्षताने पाळण्यात डोकावलं. "अगं, हे हललंसुद्धा नाही."

"गुणी आहे हो. नशीब तुझं."

अक्षताने बाळाची मूठ उचलली. बोटं सुटी होती. हात सोडल्यावर तो दुपट्यावर पडला. तिने दुपटं वर ओढलं. मग झोप मोडू नये म्हणून दोघी पाय न वाजवता आत गेल्या, आणि लताने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

अकरा वाजले तरी बाळ झोपलेलंच होतं.